माऊस बाजूला ठेवून

हातखंब्याच्या तिठ्यावरून रत्नागिरी शहर पंधराएक किलोमीटरवर आहे. धडधाकट माणसाला ते अंतर काहीच नाही. येईल त्या एस.टी.ला हात केला की झालं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचा प्रवास मात्र एस.टी.च्या पहिल्याच उंच पायरीपाशी थांबतो, आणि ज्याला दिसत नाही त्याला चौपदरीकरणात वळणं बदलत गेलेला महामार्ग ओलांडायला कुणाचा तरी हात धरावा लागतो. बँकेचं काम, विजेचं बिल, रेल्वेचं आरक्षण, दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचा अर्ज, ही सगळी कामं घरबसल्या फोनवर होण्याची सर्वांत जास्त गरज याच माणसाला असते. आणि वेबसाइट नीट बांधलेली नसेल, तर सगळ्यांत आधी अडतो तोही हाच.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रातला आकडा साडेएकोणतीस लाखांच्या वर होता. वयामुळे नजर मंदावलेले, बोटं थरथरणारे, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत राहिलेले आजी-आजोबा यात धरले, तर अडणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढेल. ‘आपल्या साइटवर असे लोक येतात कुठे?’ असं वेबसाइट बनवणारे विचारतात. येतात, पण पहिल्याच पानावर अडतात आणि निघून जातात, म्हणून मालकाला त्यांचा पत्ता लागत नाही.

सर्वांना वापरता येईल अशी, म्हणजे सुगम्य वेबसाइट बनवणं हे काही वेगळं, अवघड शास्त्र आहे असा समज आहे. माझं मत उलट आहे. त्यातला फार मोठा भाग म्हणजे साधं एचटीएमएल, ज्या कामासाठी जे दिलंय त्याच कामासाठी वापरणं. ते शिकायचं कसं, हे एक नमुना डोळ्यांपुढे ठेवून बघू. समजा, हातखंब्याच्या एका बागायतदाराला हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायचाय आणि त्याची वेबसाइट आपल्याला करायची आहे. चार पानं: मुखपृष्ठ, बागेची माहिती, दर, आणि पेटी नोंदवायचा फॉर्म.

आधी समजून घ्यायला हवं, की न दिसणारा माणूस हे पान ‘वाचतो’ कसं. त्याच्या फोनवर किंवा संगणकावर स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम असतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर २००९ पासून व्हॉइसओव्हर, विंडोजवर एनव्हीडीए. यातला एनव्हीडीए मुद्दाम सांगण्यासारखा आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रॅमरनी २००६ पासून तो घडवला आणि फुकट ठेवला. त्याआधी चांगला स्क्रीन रीडर विकत घेणं म्हणजे संगणकाइतकाच खर्च. आज रत्नागिरीतल्या कुठल्याही विद्यार्थ्याला तो दहा मिनिटांत उतरवून घेता येतो, आणि त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक हा आवाज मराठीही बोलतो.

स्क्रीन रीडर पडद्याचा फोटो काढून तो वाचत नाही, ही गोष्ट नीट कळली की निम्मा विषय कळला. ब्राउझर आपलं एचटीएमएल वाचतो, त्याची एक रचना मनात धरतो, आणि त्या रचनेतून आणखी एक यादी तयार करतो. तिला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात. या यादीत रंग नाहीत, सावल्या नाहीत, गोल कडा नाहीत. प्रत्येक वस्तूबद्दल तिथे मोजक्या गोष्टी असतात: तिचं नाव काय, ती आहे काय, आणि आत्ता कुठल्या अवस्थेत आहे. ‘पेटी नोंदवा, बटण.’ ‘पाच डझन, रेडिओ बटण, निवडलेलं.’ ‘पिनकोड, मजकुराचा रकाना, रिकामा.’ ही यादी स्क्रीन रीडर आवाजाकडे पाठवतो. ज्याला ऐकूही येत नाही अशा माणसासाठी तीच यादी ब्रेलच्या पट्टीवर जाते आणि बोटांखाली ठिपके वरखाली होतात. पडदा कितीही सुंदर दिसो, या यादीत जे नाही ते त्या माणसासाठी पानावर नाहीच.

आता आपल्या पानावरचं ‘पेटी नोंदवा’ घ्या. पुष्कळ जण ते ‘डिव्ह’ नावाच्या कोऱ्या चौकटीत लिहितात, तिला केशरी रंग देतात, कडा गोल करतात आणि क्लिक केल्यावर काय व्हावं याचा कोड जोडतात. डोळ्यांना ते बटण आहे. यादीत मात्र ते दोन शब्दांचा मजकूर म्हणून जातं. ऐकणारा ‘पेटी नोंदवा’ एवढं ऐकतो आणि पुढे सरकतो, कारण इथे दाबायचं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कीबोर्ड वापरणाऱ्याची टॅब कळ त्याच्यावर थांबतच नाही. तेच एचटीएमएलच्या खऱ्या ‘बटन’ टॅगमध्ये लिहिलं की ब्राउझर आपणहून सगळं करतो: टॅबने तिथे पोचता येतं, एंटर आणि स्पेस दोन्हींनी ते दाबलं जातं, आणि आवाज ‘बटण’ म्हणून सांगतो. कोडही कमी लागतो. रंग आणि गोल कडा तशाच देता येतात.

म्हणून शिकण्याचा पहिला धडा पुस्तकात नाही. माऊस उचला आणि बाजूला ठेवा. टॅबने पुढे जा, शिफ्ट-टॅबने मागे या, एंटरने लिंक उघडा, स्पेसने खूण करा, एस्केपने उघडलेली खिडकी बंद करा. आपण आत्ता कुठे आहोत ते दिसतंय का, ते बघा. ब्राउझर निवडलेल्या वस्तूभोवती एक कड दाखवतो. कित्येक डिझायनर ती कड ‘घाण दिसते’ म्हणून एका ओळीने काढून टाकतात. त्या एका ओळीने, ज्याचा हात माऊसवर स्थिर राहत नाही, अपघातात ज्याची बोटं गेली आहेत, तोंडात कांडी धरून जो कळा दाबतो, अशा प्रत्येकाची वाट हरवते. कड आवडत नसेल तर जाड, गडद, आपल्या रंगसंगतीतली कड करा, पण काढू नका. आणि पानाच्या अगदी सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ ही लिंक द्या, म्हणजे प्रत्येक पानावर तोच मेन्यू पुन्हा पुन्हा ओलांडावा लागत नाही.

दुसरा धडा कानांचा. फोनवर टॉकबॅक चालू करून आपलंच पान ऐका. चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते मात्र शिकून ठेवा, कारण त्यानंतर फोनचं वागणं बदलतं: एकदा टेकवलं की तो वस्तूचं नाव सांगतो, ती उघडायला दोनदा टेकवावं लागतं, आणि उजवीकडे बोट फिरवलं की पुढची वस्तू येते. सेटिंगमध्ये शॉर्टकट लावून ठेवला, तर आवाजाच्या दोन्ही कळा काही सेकंद एकत्र दाबल्यावर टॉकबॅक चालू-बंद होतो. मग पडद्याकडे न बघता आपल्याच साइटवर एक पेटी मागवून बघा. पहिल्या वेळी बहुतेकांना ती मागवता येत नाही.

ऐकताना पहिली उणीव जाणवते ती शीर्षकांची. डोळ्यांनी वाचणारा पान क्षणात चाळतो. ऐकणारा चाळतो तो शीर्षकांवरून उड्या मारत. एनव्हीडीएमध्ये इंग्रजी ‘एच’ कळ दाबली की पुढचं शीर्षक येतं, ‘के’ने पुढची लिंक, ‘एफ’ने फॉर्ममधला पुढचा रकाना, ‘टी’ने तक्ता. हातखंब्याच्या तिठ्यावर पाट्या नसत्या, तर रत्नागिरीला जाणारा, निवळीवरून मुंबईकडे निघालेला आणि पालीवरून लांजा-गोव्याच्या वाटेला लागणारा, तिघांनाही गाडी थांबवून विचारत बसावं लागलं असतं. शीर्षकं पानावर त्या पाट्यांचं काम करतात. पण शीर्षक म्हणजे मोठं, ठळक अक्षर नव्हे. ‘दर’ हा शब्द नुसता ठळक केला तर यादीत तो साधा मजकूर राहतो. त्याला शीर्षकाचा टॅग द्यावा लागतो, आणि तोही क्रमाने: पानाचं मुख्य शीर्षक पहिल्या पातळीचं, त्याखालचे भाग दुसऱ्या, त्यांतले उपभाग तिसऱ्या. अक्षर लहान हवं म्हणून चौथी पातळी निवडणं ही नेहमीची चूक. आकार स्टाइलशीटने बदलायचा, पातळी अर्थावरून ठरवायची.

मराठी वेबसाइटच्या काही अडचणी इंग्रजी धड्यांमध्ये सापडत नाहीत. त्या आपल्यालाच ध्यानात ठेवाव्या लागतात, आणि मला त्या सर्वांत महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, पानाची भाषा. एचटीएमएलच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये हे पान कुठल्या भाषेत आहे ते लिहायची जागा असते. मराठीसाठी तिथे ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरं लिहायची. तयार साचा उचलला की तिथे बहुधा इंग्रजीची खूण असते आणि ती तशीच राहून जाते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि तो आवाज देवनागरी एकतर गाळतो किंवा भलतंच काही उच्चारतो. काही वेळा पानाला हिंदीची खूण असते. हिंदी आवाजाला ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च यांतला फरक ठाऊक नसतो, ‘ळ’शी त्याची गाठ क्वचितच पडलेली असते. ऐकणारा अंदाजाने समजून घेतो, पण दिवसभर असं समजून घेत राहणं थकवणारं असतं. मराठी पानात इंग्रजीचा परिच्छेद असेल तर त्या परिच्छेदापुरती वेगळी खूण द्यावी, म्हणजे आवाज तेवढ्यापुरता बदलतो.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टांची. डीटीपीच्या काळात श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेला मजकूर आजही पुष्कळ कचेऱ्यांत, छापखान्यांत पडून आहे. त्यात दिसतं मराठी, पण साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फक्त त्यांचे आकार देवनागरीचे. स्क्रीन रीडर साठवलेलं वाचतो, आकार वाचत नाही. त्यामुळे ऐकू येते ती निरर्थक अक्षरांची रांग. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून, डोळ्यांखालून घालून मगच पानावर टाकावा. जोडाक्षरं आणि रफार बदलताना हमखास बिघडतात, तेवढे तपासावेत.

तिसरी, आणि रोज दिसणारी अडचण म्हणजे अक्षरांचं चित्र. ग्रामसभेची नोटीस, शाळेचं परिपत्रक, रक्तदान शिबिराची जाहिरात, सगळं फोटो म्हणून टाकलं जातं, नाहीतर कागद स्कॅन करून पीडीएफ. ऐकणाऱ्याला त्या जागी ‘चित्र’ एवढा एकच शब्द मिळतो. आपल्या बागायतदारालाही दरपत्रक सुबक रंगीत चित्रात हवं असेल. ते चित्र व्हॉट्सॲपवर खुशाल फिरू दे. वेबसाइटवर दर टंकलेलेच हवेत, आणि तेही खऱ्या तक्त्यात, ज्यात वरच्या ओळीतले रकाने ‘हे मथळे आहेत’ असं सांगणाऱ्या टॅगमध्ये असतात. मग ऐकणारा तक्त्यात आडवा सरकताना आकड्याबरोबर ‘पाच डझनाची पेटी’ हा मथळाही ऐकतो. नाहीतर नुसत्या आकड्यांतून कुठला दर कशाचा, ते कळायला मार्ग नाही.

देवनागरीची आणखी एक बारीक गोष्ट. मजकूर मोकळा दिसावा म्हणून इंग्रजी साच्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. मराठीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो. कमी दिसणाऱ्याला तर तो वाचताच येत नाही. मराठीत मोकळेपणा द्यायचा तो ओळींमध्ये. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि ऋकार, यांना जागा लागते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट धरली तर वाचन सुखाचं होतं.

आता चित्रं. प्रत्येक चित्राला ‘ऑल्ट’ नावाचा पर्यायी मजकूर देता येतो, तोच ऐकवला जातो. तो दिलाच नाही, तर काही वेळा फाइलचं नाव वाचलं जातं: ‘आयएमजी’, मग अधोरेषा, मग आठ आकडे. काय लिहावं हे चित्र तिथे कशासाठी आहे त्यावरून ठरतं. विक्रीच्या पेटीचा फोटो असेल तर ‘पेंढ्यात रचलेले पिवळे-केशरी हापूस, झाकण उघडलेली लाकडी पेटी’ असं लिहावं, कारण गिऱ्हाईक फळ आणि बांधणी कशी आहे तेच बघत असतं. रत्नागिरीसह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा शिक्का पानावर लावला असेल तर ऑल्टमध्ये ‘हापूस, भौगोलिक मानांकन’ असं हवं, ‘गोल शिक्का’ नको. फोन नंबराशेजारी फोनचं चित्र असेल आणि ते दाबल्यावर फोन लागत असेल, तर ‘फोन करा’. आणि कोपऱ्यात शोभेसाठी काढलेली आंब्याची पानं? त्यांना ऑल्ट रिकामा ठेवायचा. रिकामा, पण गाळलेला नाही. रिकामा ठेवला की स्क्रीन रीडर मुकाट्याने पुढे जातो.

रंगांच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये, मोजावं. दोन रंगांच्या उजळपणातल्या फरकाला गुणोत्तर आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १, सर्वांत जास्त. साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतं. आंब्याच्या साइटवर केशरी बटण येणारच, आणि त्यावर पांढरी अक्षरं घालायचा मोहही होणार. नेहमीच्या वापरातल्या उजळ केशरीवर पांढऱ्याचं गुणोत्तर साधारण २.२ भरतं, म्हणजे गरजेच्या निम्मंही नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरं घातली तर ते ९.७ होतं. करड्याची सीमारेषा किती बारीक आहे बघा: पांढऱ्या कागदावर ७६७६७६ या क्रमांकाचा करडा पास होतो, ७७७७७७ नापास. मे महिन्याच्या उन्हात फोन धरून उभ्या असलेल्या चांगल्या नजरेच्या माणसालाही हा फरक जाणवतो. शिवाय नुसत्या रंगाने काही सांगू नये. संपलेल्या पेटीचं नाव लाल केलं, तर लाल-हिरवा भेद न कळणाऱ्याला ती शिल्लकच वाटते. ‘संपली’ असं शब्दांत लिहावं.

फॉर्मपाशी सगळ्यांत जास्त माणसं अडतात, म्हणून तिथे हात आखडता घेऊ नये. आपला फॉर्म: नाव, मोबाइल नंबर, पत्ता, पिनकोड, पेट्या किती, कधी हव्यात. आजकाल रकान्याचं नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत लिहायची पद्धत आहे. टंकायला लागलं की ते गायब होतं. जरा विसरभोळ्या माणसाला मागे येऊन खोडून बघावं लागतं, की इथे काय लिहायचं होतं. फिकट असल्यामुळे कमी दिसणाऱ्याला ते मुळात दिसतही नाही. नाव रकान्याच्या वर, कायमचं दिसणारं हवं, आणि ते ‘लेबल’ टॅगमध्ये लिहून त्या रकान्याशी बांधलेलं हवं. बांधणं म्हणजे लेबलच्या ‘फॉर’मध्ये आणि रकान्याच्या ‘आयडी’मध्ये एकच शब्द लिहिणं, बस. हे केलं की रकान्यात जाताच आवाज ‘पिनकोड’ म्हणतो, आणि थरथरत्या बोटाने रकान्याऐवजी नावावर टेकवलं तरी रकाना उघडतो.

चूक दाखवण्याची रीत बघा. फॉर्म पाठवला, वर लाल पट्टीत ‘माहिती अपूर्ण’ आलं, आणि एका रकान्याची कड लाल झाली. ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला वाटतं, पेटी नोंदली गेली. त्याऐवजी कर्सर थेट चुकलेल्या रकान्यात न्यावा आणि त्या रकान्याशी बांधलेला संदेश असावा: ‘पिनकोड सहा अंकी हवा, तुम्ही पाच अंक लिहिले आहेत.’ तारखेसाठी नुसतं दिनदर्शिकेचं चित्र देऊ नये. तारीख टंकताही आली पाहिजे. पेटी टोपलीत टाकल्यावर वर कोपऱ्यात आकडा बदलतो, तोही बोलून सांगावा लागतो. त्यासाठी त्या जागेला ‘लाइव्ह’ अशी खूण करता येते; मग तिथे बदल झाला की स्क्रीन रीडर हातातलं वाक्य संपवून ‘एक पेटी टोपलीत’ असं सांगतो.

वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारं कोडं शक्य तिथे टाळावं. ओटीपीला वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवून घेता आली पाहिजे. ऐकून, लक्षात ठेवून, एकेक अंक टंकणाऱ्याला तीस सेकंद पुरत नाहीत. बोटाने दाबायची प्रत्येक जागा निदान २४ बाय २४ पिक्सेलची असावी, त्याहून मोठी असेल तर उत्तम.

बागेचा व्हिडिओ टाकणार असाल तर बोललेलं सगळं खाली मराठीत लिहून द्या, कर्णबधिर माणसासाठी. आपोआप तयार होणारी अक्षरं तशीच सोडू नका. कोकणी वळणाची बोली आणि फळांची नावं त्यात हमखास चुकतात.

हे सगळे नियम आले कुठून? वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ साली पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. दुसरी आवृत्ती २००८ ची, तिच्यात २०१८ आणि २०२३ साली भर पडली. तिचं आजचं रूप २.२. मांडणी चार कसोट्यांवर आहे: मजकूर इंद्रियांना जाणवला पाहिजे, पान वापरता आलं पाहिजे, समजलं पाहिजे, आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकलं पाहिजे. ए, एए, एएए अशा तीन पातळ्या. साधारण सगळीकडे एए पातळी गाठायची अपेक्षा असते, आणि तिथपर्यंत ५५ निकष आहेत. ते पहिल्या दिवशी वाचायला बसू नका, कंटाळून सोडाल. आधी कीबोर्ड आणि टॉकबॅक घेऊन अडचण अनुभवा, मग तिचा निकष शोधा. तो मनात पक्का बसतो. डब्ल्यूथ्रीसीचाच प्राथमिक अभ्यासक्रम एडएक्सवर फुकट करता येतो.

भारतात हे आता नुसत्या भलेपणावर सोडलेलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या नियमांनी २०१७ साली सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचना वेबसाइटना लागू केल्या. ‘सुगम्य भारत’ मोहीम त्याआधीच, ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झाली होती. पण कायद्यात सक्ती आणि नियमांत नुसती शिफारस, अशी फट राहिली. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतला हा शिफारशीवजा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष ठरवायला सांगितलं. पुढे ३० एप्रिल २०२५ ला आणखी एक निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतर, आणि दृष्टिहीन वकील अमर जैन, यांच्या याचिका होत्या. ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं जातं. ज्यांना ती करता येत नाही त्यांनी बँकेत खातं कसं उघडायचं, हा प्रश्न होता. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. महाराष्ट्रात तर ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे.

प्रत्यक्ष चित्र मात्र अजून वाईट आहे. वेबएम ही अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातली संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख प्रमुख वेबसाइटची मुखपृष्ठं तपासते. २०२५ साली त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर यंत्राला सहज सापडतील असे दोष निघाले. पहिला क्रमांक फिकट अक्षरांचा. त्यानंतर ऑल्ट नसलेली चित्रं, लेबल नसलेले रकाने, रिकाम्या लिंका. म्हणजे वर सांगितलेल्या साध्या गोष्टीच.

तपासायची साधनं फुकट आहेत. क्रोममध्ये लाइटहाउस असतो, वेबएमचं वेव्ह आहे, ॲक्स आहे. ती जरूर चालवा, पण शंभर गुण मिळाले की काम झालं असं समजू नका. ऑल्ट आहे की नाही ते यंत्र बघतं, त्यात ‘फोटो’ एवढंच लिहिलं असेल तरी पास करतं. एक ओळ टाकली की साइट सुगम्य होते, असं सांगून विकल्या जाणाऱ्या तयार पट्ट्यांपासून तर दूरच राहा. अशाच एका कंपनीला, ॲक्सेसीबीला, खोट्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ साली दहा लाख डॉलर भरायला लावले. अरिया नावाच्या, स्क्रीन रीडरसाठीच्या जादा खुणाही सरसकट वापरू नयेत. जिथे एचटीएमएलचा खरा टॅग आहे तिथे तोच वापरावा, अरिया नाइलाज असेल तिथेच.

सगळं झाल्यावर खरी परीक्षा माणसांकडून करून घ्यायची. रत्नागिरी जिल्ह्यातच मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती अंध विद्यालय आहे. मुंबईत नॅब ही अंधांसाठी काम करणारी संस्था आहे, सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे. अशा ठिकाणच्या अनुभवी लोकांना विचारावं, रोज स्क्रीन रीडर वापरणारा कोणी आपली साइट बघून देईल का. त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, कारण तो आपल्यासाठी काम करत असतो. त्याला एवढंच सांगावं: ‘दादा, पाच डझनाची एक पेटी मागवा.’ मग शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही. कुठे बटण आहे ते सांगायचं नाही, हात पुढे करायचा नाही. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे पुन्हा ऐकतो, ते लिहून घ्यायचं. चाकाच्या खुर्चीवरच्या, थरथरत्या हाताच्या, साठी ओलांडलेल्या माणसांकडूनही हेच करून घ्यायचं. जी अडचण आली की ऑर्डर पूर्णच होत नाही ती आधी सोडवा, गैरसोयीच्या गोष्टी नंतर. दुरुस्त्या झाल्या की त्यांनाच फोन करून पुन्हा एकदा पेटी मागवायला सांगा, आणि साइटच्या तळाशी एक नंबर ठेवा, ज्यावर अडलेलं गिऱ्हाईक थेट बोलू शकेल.